बारदान्यामागची वच्छलाबाई

वच्छलाबाई गेल्याचं परवा गावाहून आलेल्या पोरीनं सांगितलं. मेथी निवडता निवडता सांगितलं, बाजारात वांगी स्वस्त झाली सांगावं तसं. माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"कोण हो आई?" सुनेनं विचारलं.

"सायकलवाली," मी म्हणाले, आणि माझं मलाच हसू आलं. तिनं हे ऐकलं असतं तर लगेच टोकलं असतं, "मी नाही वो बाई, सायकलवाले आमचे मिस्त्री." ते मिस्त्री जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आता सांगते, बसा.

नवेगाव बांधाहून इटियाडोहाकडं रस्ता जातो, त्याच्या कडेला आमचं गाव. मोठा तलाव, पाळीवर मोहाची झाडं आणि खाली जिकडं पाहावं तिकडं धानाच्या बांध्या. १९९९ साली मी अंगणवाडीत लागले. माझी अंगणवाडी होती जंगलापलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, बाकी जे आहे ते रद्दीतली पुस्तकं वाचून झालेलं. नोकरी लागली आणि नवऱ्यानं जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. तो मुरमाचा रस्ता, त्यात झाडांची मुळं वर आलेली. महिनाभरात मागचं चाक नाचायला लागलं. मी सरळ चालवायची आणि सायकल मात्र वरातीत निघाल्यासारखी.

गावात दुकान एकच. घराच्या भिंतीला टेकवलेलं टिनाचं छप्पर आणि वर पाटी, 'दुर्योधन सायकल स्टोअर्स'. पुण्यामुंबईकडच्या लोकांना हसू येईल, पण आमच्या झाडीपट्टीत दुर्योधन नावाची माणसं घरोघरी सापडतात, आणि बहुतेक गरीब स्वभावाची असतात. हे मिस्त्रीही तसेच. स्टुलावर बसलेले, अंगात पांढरी बंडी, उजवा हात मांडीवर आणि त्यावर दुपट्टा टाकलेला. तोंड जरासं एका बाजूला ओढलेलं, त्यामुळं शब्द सावकाश यायचे.

"मागचं हाय काय?" त्यांनी विचारलं. डाव्या हातानं चाक फिरवलं, एक डोळा बारीक करून पाहिलं. "आऊट झालं. तारा ढिल्या पडल्या. बसा, बाई."

दुकानात दोघं गप्पा मारत बसले होते, त्यातल्या एकानं चाक काढून दिलं. मिस्त्रींनी ते मागच्या बारदान्याच्या, म्हणजे गोणपाटाच्या, पडद्याला टेकवून ठेवलं. एवढ्यात पडद्याखालून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला आणि चाक आत ओढून घेऊन गेला.

त्याच वेळी दुकानात बसलेले दोघंही माना वळवून रस्त्याकडं पाहायला लागले. मला वाटलं कुणी आलं की काय, म्हणून मीही पाहिलं. रस्त्यावर एक बकरी होती फक्त. पण ते दोघं त्या बकरीकडं असे पाहत होते, जणू कधी बकरी पाहिलीच नाही.

थोड्या वेळानं चाक पडद्याखालून बाहेर आलं. "घ्या. झालं," मिस्त्री म्हणाले. बकरी पाहणारा एक जण वळून म्हणाला, "मिस्त्री, काय सुपारीसारखं गरगरीत केलं बापा."

मिस्त्री खुश झाले. मी चाट.

नंतर अंगणवाडीतल्या मदतनीस बाईनं सगळं सांगितलं. मिस्त्रींना लकवा मारला होता, उजवी बाजू गेली. खाटेवर पडले ते भिंतीकडं तोंड करून. जेवण सोडलं. म्हणायचे, "तारा आवळाची चावी धरता येत नाही, मंग मी मिस्त्री कायचा?" वैद्य झाला, नागपूर झालं. माणूस वाळत चालला. एका सकाळी त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, दुकानातलं अर्धवट पडलेलं चाक उचललं, खाटेपाशी आणून आपटलं आणि म्हणाली, "लोकाचं चाक हाय. असं परत देऊ काय? तुम्ही सांगा, मी फिरवतो."

तिनं ते फिरवलं आणि त्या चाकाचा पापड झाला. मिस्त्री इतके चिडले, इतके चिडले, की भिंतीकडचं तोंड इकडं वळलं. तीन-चार चाकं बिघडवली तेव्हा कुठं एक जमलं. बारदान्याचा पडदाही तिनंच लावला. लोकांनी चाक मिस्त्रींच्या हातात द्यावं आणि मिस्त्रींच्या हातातून घ्यावं, एवढंच तिचं म्हणणं. गावानं त्याच्यासाठी सभा घेतली नाही की कुणी कुणाला सांगितलं नाही. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला की रस्त्याकडं पाहायचं, हे सगळ्यांना आपोआप कळलं. कारण मिस्त्रींचं मिस्त्रीपण गेलं तर माणूसही जाईल, हेही सगळ्यांना माहीत होतं.

मी बाईमाणूस, मला मागून घरात जायला मोकळीक होती. म्हणून मी तिला काम करताना पाहिलं. गावात फार कमी जणांनी पाहिलं असेल.

बुटकी, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, सकाळचं तंबाखूचं गुडाखू घासून दात काळपट झालेले. जमिनीत एक खांब पुरला होता, त्याला सायकलचा जुना चिमटा, पुढचं चाक ज्यात बसतं तो, उलटा ठोकलेला. त्यात चाक अडकवायची. चिमट्याला खराट्याची एक काडी बांधलेली, तिचं टोक रिंगेपासून केसभर लांब. चाक फिरवलं की जिथं रिंग बाहेर आली असेल तिथं काडी घासायची. खर्र. चाक थांबवायची, बोटं तारांवरून फिरवायची, वाल सोलताना फिरतात तशी. पण ढिली तार सापडली की लगेच आवळायची नाही. आधी तिच्या शेजारच्या चाचपायची.

"हिलेच कायले नाही आवळून राहिलीस?" मी एकदा विचारलं. तोवर मीही तिच्याशी तिच्यासारखं बोलायला लागले होते.

"या बिचारीचा काय दोस, बाई? ती पलीकडची पाहा, कशी ताठली. तिनं रिंग आपल्याकडं ओढली, म्हनून ही ढिली पडली. पयले तिले जराक सोडा लागते." मग चावीनं त्या ताठ तारेला पाव फेरा सोडायची, ढिलीला पाव फेरा द्यायची. पुन्हा फिरवायची. कधीच जास्त नाही, पाव फेरा. मला वाटायचं एकदाच काय ते जोर लावून मोकळं व्हावं. "तसंच केलं होतं ना मी पयल्यांदा," ती म्हणायची, "पापड खाल्ला सगळ्याईनं."

चाकावरून माणूस ओळखायची. पडद्यापलीकडं कोण उभं आहे हे न पाहताच सांगायची. "मनिराम हाय. डाव्या बाजूच्या तारा पाहा कशा जंगल्या. मासोळीची टोपली तिकडंच झुकते त्याची, पानी गळते." मनिराम म्हणजे आमच्याकडचा ढिवर, तलावातली मासोळी सायकलवर अर्जुनीच्या बाजारात नेणारा. मग ती हळूच मिस्त्रींना सांगायची आणि मिस्त्री मोठ्यानं, "मनिराम, टोपली मधात बांधत जा गा. किती वेळा सांगाचं?"

"तुमचा डोळा म्हंजे काय बापा, मिस्त्री," मनिराम रस्त्याकडं पाहत म्हणायचा.

तिची एक पद्धत मात्र मिस्त्रींनी शिकवलेली नव्हती, ती तिची तिनं काढलेली. चाक जमलं की ती रिकाम्या सायकलवर विश्वास ठेवायची नाही. जो जे वाहतो ते लादून आण, म्हणायची. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, नेणारा असेल तर कट्टा ठेवून, मासोळीवाला असेल तर टोपली भरून. गल्लीत एक चक्कर मारायला लावायची आणि मागून पडद्याच्या फटीतून चाकाकडं पाहायची. "रिकामं चाक सरळच चालते. भाराखाली पाहा लागते ना." मला तिनं पोषण आहाराचं पोतं मागं बांधून आणायला लावलं होतं.

एकदा एक नवीन लग्न झालेला पोरगा आला. मागचं चाक सारखं आऊट व्हायचं त्याचं. आतून ती कुजबुजली. मिस्त्री म्हणाले, "काय नेतोस गा मागं?"

"काही नाही."

आतून पुन्हा कुजबुज. "बायकोले घेऊन ये," मिस्त्री म्हणाले.

पोरगा लाजला. दुकानात बसलेले सगळे बकऱ्या शोधायला लागले. पण बायको आली, पदर तोंडात धरून कॅरिअरवर बसली. पोरगं दोन घरं पुढं गेलं नाही तोच पडद्यातून आवाज, "तिले म्हना एका बाजूले नोको बसू, दोनी पाय दोनीकडं टाक."

"असं कसं म्हनू मी?" मिस्त्री आत वळून म्हणाले.

"तुमाले म्हनाचं असन तसं म्हना, पन म्हना."

मिस्त्रींनी घसा साफ केला आणि गल्लीभर ओरडले, "सुनबाई, चाकाच्या भल्यासाठी सांगून राहिलो." पुढचं त्यांना बोलवलंच नाही. पण पोरगी समजली असावी, कारण ती सायकल नंतर क्वचितच आली.

एक प्रसंग मात्र वाईट झाला. गावात नवीन नाकेदार आला होता, जंगलखात्याचा, लांबचा माणूस. त्याला आमच्या बकऱ्यांची काय कल्पना? चाक देऊन तो स्वस्थ बसला नाही. उठला आणि पडदा वर केला. "अरे वा, काम तं बाईच करून राहिली. मंग मिस्त्री, तुम्ही इथं कायले बसले?"

मनात काही नव्हतं त्याच्या. हसतच बोलला. पण मिस्त्रींनी हातावरचा दुपट्टा सारखा केला, पुन्हा सारखा केला. नाकेदार गेल्यावर आत गेले आणि खाटेवर आडवे झाले, भिंतीकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई माझ्या अंगणवाडीत आली, जंगल तुडवत, पायी. पोरांच्या खिचडीचा वास सुटला होता. मी म्हटलं, बस, दोन घास खा. ती बसली नाही. "घरचा मानूस जेवला नाही, मी कशी जेवू? मी नाक्यावर जाऊन आलो. त्या नाकेदाराले म्हनलं, तुह्यानं माहा मानूस उपाशी हाय. आता तूच जेवव."

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हनते? खाली पाहाले लागला."

संध्याकाळी उन्हं असतानाच नाकेदार दुकानात आला. चाक हातात घेऊन सरळ मिस्त्रींच्या खाटेपाशी गेला. "मिस्त्री, जरा पाहा ना, आऊट वाटते."

मिस्त्रींनी मान वळवली. पाहिलं. डाव्या हाताच्या खुणेनं फिरवायला लावलं. "काही नाही झालं याले."

"तरी पाहा."

"कायले पाहू? चांगल्या चाकाले हात लावाचा नाही, बिघडते. घेऊन जा." आणि मग आत ओरडले, "भात वाढ वो."

त्या नाकेदाराची पुढं मिस्त्रींशी इतकी गट्टी जमली, की बदली झाली तेव्हा तो सगळ्यांत शेवटी त्यांच्याच पाया पडून गेला. आणि जोवर गावात होता तोवर बकरीकडं सगळ्यांत मन लावून तोच पाहायचा.

अशी दहा-बारा वर्षं निघाली. मोटारसायकली आल्या, पण टोलीवरची माणसं, मासोळीवाले, शाळेतल्या पोरी सायकलवरच. मिस्त्रींना दुसरा झटका आला आणि स्टूल सुटलं. आता ते आतल्या खाटेवरच. वच्छलाबाई चाक पडद्याबाहेरून घ्यायची, त्यांना दाखवायची, करायची, पुन्हा त्यांना दाखवायची आणि मगच बाहेर द्यायची. बोलणं जवळपास गेलं होतं. डाव्या हाताची बोटं हलायची तेवढी.

त्याच सुमाराला सरकारनं लांबच्या पोरींना शाळेत यायला सायकली दिल्या. ट्रकमधून एकावर एक रचून आलेल्या, दोरांनी करकचून बांधलेल्या. उतरवल्या तर एकाही चाकाची चाल सरळ नाही. टोलीवरच्या पोरी पहिल्या दिवसापासून त्यांच्याभोवती. काहींच्या बापांनी सांगून ठेवलं होतं, सायकल रस्त्यात मोडली तर शाळा बंद, जंगलातून पोरगी पायी यायची नाही. हेडमास्तर दुकानात आले. मी होते तेव्हा.

"बाई, शाळेत चला. इतक्या सायकली इथं कुठं आणायच्या?"

"मिस्त्री नाही येत, तं मी नाही येत."

"अहो, पण करता तर सगळं तुम्..."

मी हेडमास्तरांच्या पायावर पाय दिला. चांगला दिला.

मग काय, मिस्त्रींची खाट निघाली. मनिराम आणि आणखी तिघांनी चार पाय धरले आणि भर दुपारी गावातून मिस्त्री शाळेत गेले, खाटेवर, उशाला उशी, अंगावर धुतलेली बंडी. मुलं वर्गातून डोकावत होती. शाळेच्या व्हरांड्यात खाट ठेवली. तिथं पडदा नव्हता. वच्छलाबाई एक क्षण इकडंतिकडं पाहत उभी राहिली. मग खाटेसमोर मांडी घालून बसली आणि पहिलं चाक ओढलं. पडदा नसताना पहिल्यांदाच.

गावातली मोठी माणसं एकजात मैदानाकडं तोंड करून उभी राहिली. पोरींना मात्र काही माहीत नव्हतं, त्या तिच्याभोवती वाकून पाहत होत्या, "मावशी, हे काय करता? मावशी, मी फिरवू?" ती एक चाक करायची, मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर धरून फिरवायची. त्यांची बोटं हलली की पास. सायकल पोरीच्या हातात.

असं चाललं असताना एका चाकाला बोटं हलली नाहीत. तिनं पुन्हा फिरवलं. नाही. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. तिनं चाक खाली घेतलं, काडी लावली. काडी कुठं घासली नाही, मी जवळच होते. तिनं चावी लावली, एका तारेला पाव फेरा दिला, आणि त्याच तारेला पाव फेरा उलटा. पुन्हा मिस्त्रींसमोर धरलं. बोटं हलली.

संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "त्या चाकात काय होतं गं?"

"काही नव्हतं." ती खाटेमागून चालत होती, हळू आवाजात म्हणाली, "पन बाई, त्याईनं एकही चाक वापस केलं नाही, तर मिस्त्री कायचे?"

त्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. सगळं गाव होतं. पुण्यानुमोदन झालं, बुद्धाच्या तसबिरीपाशी त्यांचा फोटो ठेवला. आणि मग झालं ते मला आजही सांगताना विचित्र वाटतं. दुकानात कुणी येईना.

वच्छलाबाई रोज छपरीत येऊन बसायची, चावी पुसायची, हवेचा पंप पुसायची. सायकली दुकानावरून जायच्या, मान खाली घालून, थेट अर्जुनीला. मी म्हटलं, असं काय झालं? मनिरामला गाठलं. "काय गा, इथं दुकान असताना अर्जुनीला कशाला?"

तो टोपलीची दोरी उगाच सोडत बांधत राहिला. "कसं जाऊ बाई? इतके दिवस मिस्त्रीले म्हनत होतो, काय मस्त चाक केलं. आता तिच्या हातात नेऊन दिलं, म्हंजे मिस्त्री काही करतच नव्हते असं झालं ना. मेलेल्या मानसाले असं तोंडावर कसं म्हनावं?"

आणि इकडं ती म्हणायची, "माह्या हाताचं नव्हतंच ते, बाई. मिस्त्रीच्या नावानं येत होते लोक. नाव गेलं." मी तिला मनिरामचं बोलणं सांगितलं. तिला पटलं नाही. मनिरामला तिचं सांगितलं, तो म्हणाला, "तुमी जा ना पयले." माझी तर सायकल गुडघ्यांपायी सुटलेली. दोन्हीकडून इतका मान राखणं चालू होतं, की त्या मानापायी बाई उपाशी राहायची वेळ आली. दुकान विकून बहिणीकडं जावं म्हणते, असं एकदा बोलून गेली.

त्यातच माझी निवृत्ती आली. मुलगा गोंदियाला, तो म्हणाला, आई, आता इकडंच ये. सामान टेम्पोनं गेलं होतं, मी एसटीनं निघाले. आदल्या दिवशी तिचा निरोप घेतला, फार बोलणं झालं नाही.

एसटी गावातून निघाली आणि तिच्या दुकानापाशीच थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून डोकं काढलं. पुढं मनिराम, मासोळीची टोपली भरलेली, आणि त्याच्या मागच्या चाकाचा खरखर आवाज अजून कानात असल्यासारखा. वच्छलाबाई छपरीतून धावत येऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती, एका हातानं त्याचं कॅरिअर पकडून.

"थांब. कुठी चालला असं चाक घेऊन?"

"अर्जुनीले."

"अर्जुनीपर्यंत जाईन हे? ऐकू नाही येऊन राहिलं तुले? घाटीवर तार तुटन अन् मासोळी खाईन माती."

मनिरामनं टोपली सावरली. मग म्हणाला, "मिस्त्री नाहीत ना आता."

"नाहीत." तिनं कॅरिअर सोडलं नाही. "मंग काय चाक आपोआप सरळ होते?"

तिनं टोपली उतरवली, सायकल तिथंच रस्त्यावर उलटी केली आणि खाली बसली. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, बाजूला घ्या ना." तिनं मान न वळवता काळा झालेला हात वर केला, थांबा जराक. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीतली माणसं खिडक्यांना आली. चहाच्या टपरीवरचे दोघं-चौघं उठून उभे राहिले आणि सवयीनं तलावाकडं पाहायला लागले. मनिरामही पाहायला लागला.

वच्छलाबाईनं चाक फिरवलं, थांबवलं. बोटं तारांवर ठेवली.

"मनिराम," ती म्हणाली, "तिकडं काय पाहून राहिला गा? इकडं पाह्य. चाक धर."

मनिराम वळला. खाली बसला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.